तोआ पायोहला ऐकलेली दुसरी बाजू

जावयाने सिंगापूरच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून एका अल्बमचा फोटो पाठवला आणि मी त्याच दिवशी व्हिसाच्या मागे लागले. लेक म्हणाली, "आई, हा अल्बम फोनवर आहे गं!" असेल. फोनवर गाणी सुटी मिळतात, बाजू मिळत नाही.

अल्बम आहे रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळातल्या एका गिटारवाल्याचा. सूर जेमतेम, सगळा कारभार ठेक्याचा. तीन ठोके, दम, मग दोन. मागे खुळखुळे. पुढे कित्येकांनी तो ठेका उचलला. आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात पहिली बाजू संपली आणि रेकॉर्ड उलटवायच्या आत सिस्टर हजर! "रानटी संगीत" म्हणून जप्ती. रानटी काय होतं, ते आजवर कुणी मला सांगितलेलं नाही. दुसरी बाजू मात्र ऐकायची राहिली.

लेकीचा फ्लॅट आंग मो किओला. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं ऑफिसला गेली आणि मी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, त्या दुकानाकडे निघाले. गाडीत एसी इतका की शाल न्याच. रेकॉर्ड मिळाली! पण दुकानातला प्लेअर बिघडलेला, लेकीकडे प्लेअर नाही आणि विकलेला माल परत नाही. वाजवून न दाखवता रेकॉर्ड विकतात! पुण्यात माझा प्लेअर आहे, पण तिथे जाऊन ती खराब निघाली तर भांडायला पुन्हा विमानाने यायचं का?

चिडले की मला भूक लागते. परतताना तोआ पायोहला उतरले आणि तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, शिरले. बाराच्या आत जा, नंतर बसायला जागा नाही. तिथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात. त्याला 'चोप' करणं म्हणतात आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. माझ्याकडे टिश्यू नव्हता. कडेच्या टेबलावर रेकॉर्ड ठेवली आणि फिशबॉल सूपच्या रांगेला लागले.

परत येते तो एक म्हातारं चिनी जोडपं माझ्या टेबलाशी, आणि रेकॉर्ड त्या माणसाच्या हातात!

"अहो, ठेवा ती खाली!" मी चक्क मराठीत ओरडले.

"आंटी, टिश्यूने चोप करतात, रेकॉर्डने नाही लाह!" तोही तिथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत माझ्याइतकाच तापलेला. "उन्हात ठेवलीत. वाकली असती!"

ऊन खरंच टेबलावर आलं होतं. मी सूपचा ट्रे खाली ठेवला. त्या दोघांना समोर बसायला सांगितलं.

त्याचं नाव हेन्री, बायको रोझी. "तरुणपणी याचा बँड होता," ती म्हणाली. "हीच रेकॉर्ड ऐकून ठेका शिकला. अजून जेवणाआधी टेबल बडवतो."

"दुसरी बाजू तर—" हेन्री म्हणाला.

"सांगू नका!"

समोरच्याच ब्लॉकमध्ये त्यांचं घर, घरात प्लेअर. लेकीला फोन केला तर ती किंचाळली, "अनोळखी माणसांच्या घरी?"

"ट्रे जागेवर ठेवून आलेत. सभ्य आहेत."

चपला दाराबाहेर काढल्या. सुई टेकली. तीन ठोके, दम, दोन! रोझीने तांदूळ घातलेला डबा खुळखुळवला, हेन्रीने खुर्ची बडवली, आणि मी, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई, सोफ्याभोवती फिरू लागले. तिसऱ्या गाण्यात मात्र सुई उडाली. ओरखडा! अर्धा ठोका गायब. इतक्या वर्षांनी मिळाली ती ही अशी? मी दुकानदाराचा उद्धार करायला तोंड उघडलं.

"रस्त्यात खड्डा आला तर काय करता, आंटी?" रोझी म्हणाली आणि तिने सुई मागे नेली. खड्डा आला, तशी सुईबरोबर रोझीही उडाली. पुढच्या खेपेला आम्ही तिघंही उडालो.

सिंगापुरात बागा आहेत, बोटी आहेत, उंच इमारती आहेत. मी सगळं पाहिलं, तुम्हीही पाहा. पण पुण्यात घरी रोज संध्याकाळी लागते ती दुसरी बाजू. परवा खालच्या मजल्यावरचे देशपांडे वर आले. "वहिनी, रोज याच वेळेला आमच्या छतावर एकदाच धप्प होतं. काय पडतं?"

मी त्यांना बसवलं, चहा दिला, रेकॉर्ड लावली. कपाळावर आठ्या घालून त्यांनी दोन गाणी ऐकली. तिसऱ्यात खड्डा आला. मी उडाले. देशपांडे दचकले, बशीत चहा सांडला, आणि म्हणाले, "पुन्हा लावा. या खेपेला मला आधी सांगा."