नवसाचा वाघ

हैदर कल्हईवाल्याला राग येत नाही, ही गोष्ट काष्टीच्या पलीकडच्या, घोड नदीच्या काठावरल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होती. सून चढेल निघाली की सासू म्हणायची, जरा त्या हैदरकडं बघून शीक. वर्गात कुणी मास्तरांना उलट बोललं की मास्तरही त्याचंच नाव काढायचे. हैदरच्या कानावर हे यायचं आणि त्याला बरं वाटायचं. गरिबाला कुणी फुकट मोठेपणा देत असेल तर तो कशाला नाकारेल?

दुकान असं नव्हतंच. गावाबाहेरच्या चिंचेखाली जमिनीत एक खड्डा, त्यात कोळसे, खड्ड्याला जोडलेला चामड्याचा भाता आणि दोन भाऊ, थोरला अब्दुल आणि धाकटा हैदर. लग्नसराई जवळ आली की बाया काळपटलेली पितळी पातेली काखेत मारून सावलीला येऊन बसायच्या. हैदर आधी पातेल्यात उभा राहून, पायाखाली वाळू घेऊन, कंबर हलवत गरागरा फिरायचा आणि ते घासून काढायचा. मग भात्यावर बसायचा. पातेलं तापलं की अब्दुलभाई नवसागराची चिमूट टाकायचे, पांढरा धूर भसकन उठायचा, कथलाची कांडी आतून फिरायची आणि कापसाच्या बोळ्याखाली पातेलं चंद्रासारखं उजळायचं. बाया "अगं बाई" म्हणायच्या आणि ते सगळं कौतुक अब्दुलभाईंच्या पदरात पडायचं. तो धुराचा वास ज्यांच्या नाकात बसला आहे, ते आजही स्टीलच्या भांड्यांना नावं ठेवतात, आणि ठेवोत बापडे.

बाप गेला तेव्हा अब्दुलला नुकती मिसरूड फुटली होती आणि हैदर भात्याएवढासुद्धा नव्हता. थोरल्यानं धाकट्याला वाढवलं, अंगावर कपडे घातले, जहिरासारखी चांगली मुलगी बघून निकाह लावून दिला. सगळं केलं. फक्त कथलाची कांडी कधी हातात दिली नाही. पस्तिशी उलटली तरी हैदर भात्यावरच. घरात त्यांची बोली दखनी, पण रागवायचं असलं की अब्दुलभाई मुद्दाम मराठीत रागवायचे, म्हणजे गिऱ्हाइकांना कळावं. "जीव हाय का न्हाई हातात?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हैदर त्यावर हसायचा; तोंड न उघडता, नुसते ओठ जरा ताणून. बाया म्हणायच्या, माणूस न्हाई, गाय हाय गाय.

आणि त्याचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास होता. नमाज झाली की तो अल्लाचे आभार मानायचा, की बाकी काही दिलं नाहीस तरी मन साफ दिलंस. जहिराची मात्र तेवढी खात्री नव्हती. झोपेत तुमचे दात करकर वाजतात, असं ती सांगायची. तो म्हणायचा, जंत झाले असतील.

वर्षातून एकदा, मोहरमात, हैदर वाघ व्हायचा. तान्हा असताना तो दूध तोंडात घेईना, तेव्हा आईनं सवारीपुढं, म्हणजे मोहरमात बसवलेल्या पंजापुढं, पदर पसरला होता, की पोर जगलं तर दरसाल वाघ करीन. आई गेली, नवस राहिला. काय ते मोहरम होते! शेजारचा बन्सी माळी गळ्यात लाल-हिरवा गंडा घालून फकिरी घ्यायचा, घरोघरी चोंग्यांच्या गोड रोट्या भाजल्या जायच्या, सरबताच्या घागरी भरायच्या, आणि कोण कुणाच्या सणात नाचतो आहे हे विचारायला कुणाला सवड नसायची. थंडी असो की ऊन, उघड्या अंगाला पिवळा रंग फासून, त्यावर काजळीचे पट्टे ओढून हैदर उभा राहायचा. मागं दोरीची लांब शेपटी, ती धरायला बन्सी, पुढं छगनची हलगी. वाघानं कुणाच्याही अंगावर झेप घ्यावी, पाटलाच्याही, आणि ज्याच्या अंगावर वाघ येईल त्यानं रागवायचं नाही, अशी रीत होती. दुसरी रीत वाघासाठी होती. हलगी थांबली की वाघानं बसायचं.

त्रेचाळीस साल नुकतं लागलं होतं. लढाईमुळं कथील मिळेनासं झालेलं, धंदा बसलेला, आणि अब्दुलभाईंच्या जिभेला आणखी धार चढलेली. मोहरमाच्या दिवशी सकाळीच त्यांनी हैदरला चारचौघांत म्हटलं होतं, की तू जन्मभर भाताच मारणार, तुझ्यानं दुसरं काय होणार. हैदर हसला होता.

दिवस मावळायला आला. सवारीपुढच्या खड्ड्यातला अलावा पेटून निखाऱ्यांवर आला होता. त्या विस्तवाभोवती वाघ घुमत होता, पोरं किंचाळत आईच्या लुगड्यात शिरत होती. अब्दुलभाई अलाव्याच्या कडेला उभे होते. वाघानं त्यांच्याकडं पाहिलं, दबा धरला आणि झेप घेतली. लोक हसले. दोन्ही पंजे गळ्याला भिडले. लोक आणखी हसले. छगननं हलगी थांबवली.

वाघ बसला नाही.

बन्सीनं शेपटी ओढली, दोघा-तिघांनी कमरेला मिठी घातली, तेव्हा कुठं हात सुटले. पण तोवर अब्दुलभाई तोल जाऊन मागं कोसळले होते आणि आधाराला टेकलेला त्यांचा उजवा हात निखाऱ्यांत गेला होता.

हात वाचला, बोटं वाकडी झाली. त्या बोटांत कांडी पुन्हा धरता येणार नव्हती. गावानं निवाडा करायला वेळ लावला नाही. हैदर असं करणं शक्यच नाही. तेव्हा ते हैदरनं केलं नाही. अंगात वाघ आला होता, सवारीचाच हुकूम झाला असेल, अब्दुलभाईंकडून काही चूक झाली असेल. स्वतः अब्दुलभाईही, हाताला पट्ट्या बांधून बसलेले, हेच म्हणाले. पुढं तर बाया आजारी पोरं घेऊन हैदरकडं फुंकर मारून घ्यायला येऊ लागल्या.

हैदरला ठाऊक होतं. त्यानं भावाला ओळखलं होतं. हलगी थांबलेली त्याला स्वच्छ ऐकू आली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या क्षणी त्याला सुख वाटलं होतं. सजद्याला डोकं टेकलं की ती थांबलेली हलगी कानात यायची आणि मन साफ दिल्याबद्दल आभार मानायला जीभ रेटेना. पण बोलायचं कुणाकडं? बोललं तर भाऊ जाणार, घर जाणार, गावानं दिलेलं नाव जाणार. त्यापेक्षा वाघाच्या डोक्यावर खापर फोडलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. वाघ काही साक्ष द्यायला येणार नव्हता.

घर चालायला हवं म्हणून कांडी हैदरच्या हातात आली आणि अब्दुलभाई डाव्या हातानं भाता मारू लागले. जे आयुष्यभर हवं होतं ते असं मिळालं. हैदरचा हात चांगला होता. कौतुक आता त्याच्या पदरात पडू लागलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला गोड लागू लागलं.

उन्हाळा सरता सरता काष्टीच्या बाजारात दोघं बसले होते. जुनं गिऱ्हाईक छबूबाई आपलं मोठं पातेलं घेऊन समोर होती. पातेलं धड तापेना. डावा हात तो, लवकर दमायचा. हैदरच्या तोंडून निघून गेलं, आणि निघालं ते मराठीत.

"जीव हाय का न्हाई हातात?"

छबूबाई खूश झाली. आता हैदरभाई पण बोलाय लागले म्हणाली. अब्दुलभाईंनी भात्यावरून मान वर केली. ते हसले, तोंड न उघडता, नुसते ओठ जरा ताणून.

ते हसू हैदरनं पाहिलं आणि त्याचा हात पातेल्यावरच थांबला. त्या हसण्यामागं काय असतं हे सबंध काष्टीत त्याच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षं ते त्याच्याच तोंडावर होतं. हसू इकडून तिकडं गेलं होतं, आणि वाघही. त्याला भावाची भीती वाटली नाही, दया आली, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की छबूबाईचं पातेलं एका बाजूनं काळंच राहिलं.

परतताना ओढ्यात पाणी प्यायला दोघं थांबले. हैदरनं भावाच्या खांद्यावरचा भाता काढून घेतला, खाली ठेवला. घरच्या बोलीत थोरल्याशी अदबच यायची, म्हणून तो मराठीत बोलला.

"भाई, त्या दिशी हलगी थांबलेली मला आयकू आली हुती. मी तुमाला वळखलं हुतं. आन् मला बरं वाटत हुतं."

अब्दुलभाई वाळूकडं बघत राहिले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "गाव वाघ म्हनलं, मी बी वाघ म्हनलो. भावानं धरलं म्हनलो असतो, तर का धरलं ते बी सांगावं लागलं असतं."

मग ते थांबत थांबत पुढचं बोलले. कांडी दिली असती तर तू वेगळा झाला असतास, भट्टीपुढं मी एकटा पडलो असतो, त्या भीतीनं तुला शिकूच दिलं नाही, असं. एवढा दरारा असलेला माणूस तीस वर्षं घाबरलेला होता, हे हैदरच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. गळाभेट वगैरे काही झाली नाही. हैदरला रडू आलं, ते त्यानं ओढ्याच्या पाण्यानं धुतलं, आणि भाता स्वतःच्या खांद्यावर घेतला.

त्यानंतर हैदर सांगून रागवायला शिकला. "भाई, मला राग आलाय," असं तो भर गिऱ्हाइकात म्हणायचा आणि अब्दुलभाई म्हणायचे, मग जरा दम खाऊ. गावाला हा बदल मुळीच रुचला नाही. सासवांची पंचाईत झाली, मास्तरांनाही दुसरं नाव शोधावं लागलं. छबूबाई नातवाला फुंकर मारून घ्यायला आली तेव्हा हैदरनं तिला सरळ सांगितलं, की अंगात कुणी आलं नव्हतं, तो मीच होतो. ती म्हणाली, वाघ कधी कबूल करतो का, आणि फुंकर घेऊनच गेली.

पुढल्या थंडीत मोहरम आला. हैदरच्या मनात नवस मोडायचा होता. जहिरानं ऐकलं नाही. वाघ घरात होताच, म्हणाली. तो दात खात अंधारात बसण्यापेक्षा वर्षातून एकदा चारचौघांना दिसलेला बरा. तिनंच रंग कालवला. अलाव्यापाशी लोक नेहमीपेक्षा चार पावलं मागं सरून उभे राहिले. बन्सी शेपटी धरायला वाकला, तोच अब्दुलभाई पुढं आले आणि ती आपल्या डाव्या हाताला गुंडाळून घेतली.

छगनची हलगी सुरू झाली. वाघ त्या वर्षी असा नाचला की म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं त्याचं नाव काढायची. तो गुरगुरला, दबा धरला, पाटलाला चार पावलं मागं रेटलं. मग भर रंगात छगननं हलगी थांबवली, आणि सगळ्या गावानं श्वास रोखला.

वाघ बसला. धापा टाकत, घामानं पट्टे ओघळलेले, जमिनीवर पंजे टेकून. थोड्या वेळानं त्यानं मान वळवून मागं पाहिलं. अब्दुलभाई होते तिथंच उभे होते आणि त्यांच्या हातापासून शेपटीची दोरी सैल, मातीत लोळत होती. त्यांनी ती ओढलीच नव्हती.