मंडईला नेलेला कागद

लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. मराठी घेऊन एम. ए. झाले, पण साठी उलटेपर्यंत स्वतःच्या नावाने चार ओळीही लिहिल्या नाहीत. जे लिहिले ते दुसऱ्याच्या सहीखाली गेले. ज्यांनी ते वाचले, त्यांना ते वाचावे असे कधी वाटले नसणार, कारण माझे लेखन म्हणजे ताकिदी. तुमसर तालुक्यातल्या एका राईस मिलमध्ये मी आस्थापनेचे काम पाहत असे. कोण उशिरा आले, कोण न सांगता गेले, कोणी कोणावर हात उचलला, याची नोंद ठेवायची, मेमो तयार करायचा आणि मॅनेजर साहेबांपुढे सहीसाठी ठेवायचा.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षे लोटली होती. तरीही तिकडच्या व्यापाऱ्यांच्या पाकिटांवर माझ्या हातून ‘जिल्हा भंडारा’ असेच उमटे आणि मग खाडाखोड करावी लागे. हंगामात मिलच्या आवारात उकडलेल्या धानाचा गोडसर वास भरून राही. दुपारच्या तिरप्या उन्हात कोंड्याचे बारीक कण इतक्या सावकाश तरंगत की, खिडकीशी बसल्या बसल्या आपणही थोडे जमिनीपासून सुटलो आहोत, असे मला वाटे. अशा वेळी मी शिस्तीची वाक्ये लिहीत असे. ती लिहिताना मला आनंद होई, हे आज कबूल करते. ‘ज्याअर्थी’ने वाक्य उचलायचे, दोन-तीन वळणे घ्यायची आणि ‘त्याअर्थी’वर अलगद टेकवायचे. या कामातले हे सौंदर्य कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

आमच्या घरात कागदाला फार मान. वडील दुसऱ्याच्या शेतात राबत. पण संध्याकाळी बुद्धवंदना झाली की, माझी वही दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावत. लिहिलेले खोटे असू नये, एवढेच ते म्हणत. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून सांगितली.

मिलमध्ये भट्टी सांभाळणारा एक गडी होता. उंच, शांत, हाताचा नेमका. धान उकडायला लागणारी वाफ त्याच्यावर अवलंबून असे. वर्षभर त्याच्याविरुद्ध एक ओळ लिहावी लागत नसे. दिवाळी झाली, नवे धान येऊ लागले, की हा दोन दिवस नाहीसा होई. त्याच्या गावची मंडई असे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकीबाळी, पाहुणे येतात, दिवसा चौकात दंडार होते, म्हणजे नाच-गाण्याचा, सोंगांचा खेळ. आणि त्या गावच्या दंडारीत हा बाईचे सोंग घेई. त्याच्या बापाने ते घेतले होते, बापानंतर याने घेतले.

रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा, असा मिलचा नियम होता. मंडई कधी भरवायची, हे गाव चार दिवस आधी बसून ठरवी. या दोन गोष्टींची गाठ पडत नव्हती आणि ती पाडून द्यावी, हे मलाही सुचले नाही. पहिल्या वर्षी मेमो लिहिला, दुसऱ्या वर्षी ताकीद. तिसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला. भट्टी थंड पडली, धानाचे ट्रक फाटकाबाहेर उभे राहिले आणि मॅनेजर साहेबांनी मला आत बोलावले.

“अखेरची ताकीद लिहा. सात दिवसांत खुलासा मागा.”

मी लिहिली. ती मी लिहिलेल्यांपैकी सर्वांत बांधीव ताकीद असावी. प्रश्न पोहोचवण्याचा होता. शिपाई स्वतःच कुठल्याशा मंडईला गेला होता. माझी मावशी त्या भट्टीवाल्याच्याच गावात दिलेली. तिचे बोलावणे आलेले, हे साहेबांच्या कानावर होते.

“तुम्ही उद्या तिकडे जाऊनच राहिल्या ना? मग घेऊन जा. हातात द्या, सही घ्या. काम झालं.”

नाही म्हणणे मला आयुष्यात जमले नाही. तेव्हाही जमले नाही.

सकाळच्या बसने निघाले. धानाच्या बांध्यांवर धुके पसरले होते. कापून आडव्या टाकलेल्या पेंड्या त्याखाली झोपल्यासारख्या दिसत होत्या. आंबागडचा डोंगर खालून पुसला गेला होता. वरची किल्ल्याची तटबंदी तेवढी आधाराशिवाय उभी होती. माझ्या पिशवीत मावशीसाठी लुगडे होते आणि त्याच्या घडीत तो लिफाफा.

मावशीकडे चहा घेऊन मी चौकात गेले. दंडार रंगात आली होती. ढोलकी, झांजा, आणि मधोमध हिरव्या लुगड्यात एक उंच बाई. पदर दातांत धरण्याची तिची लकब इतकी खरी होती की, मला ओळख पटायला वेळ लागला. घर सोडून पळालेल्या नवऱ्याला ती झापत होती. झापता झापता थांबली, कमरेतून नसलेला कागद काढला, तो हवेत दूर धरून डोळे बारीक केले, आणि ढोलकीच्या ठेक्यावर वाचू लागली:

“ज्याअर्थी तुमी घरातून विनापरवानगी गैरहजर रायले! ज्याअर्थी चूल थंडी पडली हाये! ज्याअर्थी तोंडी समज देऊनही तुमच्या वर्तनात सुधारना दिसून येत नाई…”

ढोलकी थांबली. तिने पदर कमरेला खोचला.

“त्याअर्थी तुमाले या कागदाने ताकीद देन्यात येते, की आज चुलीवरचा भात तुमाले नाई, कुत्र्याले!”

हशा उसळला. मागून एक म्हातारा ओरडला, “हा मेमो माह्या बायकोले नोको दाखवजो गा!”

ती माझी वाक्ये होती. ज्या ठिकाणी मी श्वास घ्यायला जागा ठेवली होती, त्याच ठिकाणी तो श्वास घेत होता. लाज वाटायला हवी होती. पण त्या धुक्यातल्या उन्हात, झांजांच्या आवाजात, माझ्या अंगावर काटा आला तो लाजेचा नव्हता. माझे लिहिलेले कोणीतरी पाठ केले होते. एवढ्या वर्षांत प्रथमच मला वाचक भेटला होता आणि त्याची नोकरी माझ्या पिशवीत होती.

सोंग संपताच त्याने मला पाहिले. हातातल्या बांगड्या न उतरवताच जवळ आला.

“बाई, घरी चाला. बुढी वाट पायते पाहुण्यायची.”

त्याच्या आईला मी कोण हे ठाऊक नव्हते. मंडईच्या दिवशी दारात आलेल्याला कोण म्हणून विचारत नाहीत.

“ये नं माय, आत ये. काहून उभी राहिली? कोनाची गा ही?”

“मिलमधल्या बाई हायेत. माह्यावर लक्ष ठेवतेत,” तो म्हणाला.

“बरं करतेस बाई. याच्यावर ठेवाच लागते.”

तिने मला पाटावर बसवले, ताटात सुवारी, म्हणजे आमच्याकडची पुरी, वाढली, वडे वाढले. मी नको म्हणताच म्हणाली, “मिलमधी पोटभर नाई देत का तुले? काडीवानी हायेस.” आमच्या घरच्या आठवणींत अशीही घरे होती, जिथे माझ्या आजीला अंगणातच थांबावे लागे. मी आतल्या चुलीपुढे बसून जेवत होते. त्या घासांबरोबर लिफाफा बाहेर काढणे अधिकच कठीण होत गेले.

हात धुताना तो तांब्या घेऊन उभा राहिला. तोंडावरचा रंग घामाने ओघळला होता.

“कागद आनला असन नं बाई? द्या नं. तुमचं बी काम हाये. मी सही करतो.”

“नाही,” मी म्हणाले. “मावशीकडे आले होते.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पिशवीकडे. हातावर पाणी घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. ‘सदर कर्मचारी गावी आढळून आला नाही, सबब ताकीद बजावता आली नाही.’ चांगले वाक्य होते. खोटे होते. मला वाटले, न पोहोचलेला कागद विरून जाईल, धुक्यासारखा.

साहेबांनी अहवाल वाचून पेन खाली ठेवले. “आढळला नाही? म्हणजे मेमो चुकवायला लपला. मग खुलासा कशाचा मागता? फाटकावर नोटीस चिकटवा अन् हजेरीपटावरून नाव कमी करा.”

इतकी वर्षे ताकिदी लिहूनही ताकीद म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले. तो कागद शिक्षेचा नव्हता. शिक्षेआधी उघडे ठेवलेले ते शेवटचे दार होते. त्यात सात दिवस होते आणि माणसाला बोलायची जागा होती. दया म्हणून मी ते दार लावून घेतले होते, आणि तेही तो स्वतःहून सही करायला तयार असताना.

मी जागेवर परत येऊन बसले. कोंड्याचे कण तरंगत होते. वडिलांच्या कपाळाला लागलेली वही डोळ्यांपुढे येत होती. मग उठले आणि आत गेले.

“साहेब, तो गावीच होता. त्याने कागद मागितला. मी दिला नाही.”

त्यांनी माझा अहवाल पुन्हा पुढे ओढला. “काहून?”

“जेवले होते त्यांच्याकडे,” एवढेच मला सांगता आले.

साहेब त्याच मातीतले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “त्याची ताकीद आज बजावा. अन् मॅडम, तुम्हालाबी एक द्यावी लागंल. खोटा अहवाल आहे.”

“हो.”

“मग लिहून आणा. दुसरं कोण लिहिणार?”

अशा रीतीने माझी ताकीद मीच लिहिली. ‘ज्याअर्थी’ने उचलली, ‘त्याअर्थी’वर टेकवली. एक शब्दही सौम्य केला नाही. साहेबांनी सही केली. मी ती जावक रजिस्टरात चढवली आणि समोर ‘मिळाली’ असे लिहून स्वतःची सही केली.

तो कामावर आला तेव्हा त्याला त्याचा कागद दिला. सातव्या दिवशी तो खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडेच आला. “तुमचे सबद नोको घालू बाई. मी बोलतो तसंच लिवा.” मी तसेच लिहिले: बाप नाचत होता म्हणून मी नाचतो, भट्टी थंडी पडली ही चूक झाली, आता पडू देनार नाही. साहेबांनी तो मान्य केला. त्याचे नाव हजेरीपटावर राहिले.

पुढच्या वर्षी मंडईच्या दिवशी तो भट्टीपुढे होता. त्याच्या जागी काम पाहील असा दुसरा माणूस मिलने ठेवला नाही. मागण्याचे धैर्य मला झाले नाही. मी खिडकीतून पाहत होते. फावड्याने कोंडा आत लोटताना तो क्षणभर थांबला आणि मोकळ्या हाताने खांद्यावरचा गमछा उचलून त्याचे टोक दातांत धरले. मग सोडून दिले. त्यानंतर त्या गावच्या दंडारीत हिरवे लुगडे कोणी नेसले नाही, असे मावशी सांगे.

मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या दोघांच्या ताकिदी एकाच फाइलमध्ये, एकीला एक लागून होत्या. त्याची पोहोचली म्हणून नोकरी राहिली. दंडार मात्र गेली. त्या दुपारी हातावर पाणी पडत असताना मी लिफाफा काढून दिला असता, तरी कदाचित हेच घडले असते. कदाचित नसते. मला ठरवता आलेले नाही, म्हणून आपणास विचारते.

त्या घरचे जेवून उठल्यावर तुम्ही तो कागद दिला असता का?