वहिनींचा दम

पलंग भाड्याचा होता. सासूबाई गेल्यावर आठवड्याने दुकानाची दोन माणसं आली, पलंगाचे पाय सुटे केले आणि जिन्यातून खाली घेऊन गेली. भिंतीलगतची फरशी तेवढी वेगळ्या रंगाची दिसत राहिली. तिच्याकडे बघत उभी असलेली नणंद एकदम म्हणाली, "वहिनी, पुढच्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर डोंगरात येता?"

वहिनींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "डोंगरात? मी?"

"पाच दिवस. आपलं सामान आपल्या पाठीवर. रात्री मुक्कामाला लाकडी खोल्या असतात."

दारात उभा असलेला वहिनींचा नवरा हसला. "अगं, कोपऱ्यावरून भाजी आणताना ती दोनदा टेकते!"

तो हसला नसता तर वहिनी सरळ नाही म्हणाल्या असत्या. पण ते हसू त्यांना झोंबलं. "येते," त्या म्हणाल्या आणि खोली झाडायला घेतली.

वहिनी पडद्यांच्या दुकानात शिवण करायच्या. तिथेही सगळे त्यांना वहिनीच म्हणत, मालकाचे म्हातारे वडीलसुद्धा. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून वहिनींचं जग दुकान आणि ती खोली एवढंच उरलं होतं. दुपारी नवरा घरी असे तेवढ्या वेळात त्या मशीनवर बसत. एरवी कूस बदलणं, अंग पुसणं, चादर काढणं, भरवणं. नणंद तासाभराच्या अंतरावर राहायची, शाळेत भूगोल शिकवायची. महिन्यातून एकदा फळं घेऊन यायची, खुर्ची ओढून आईचे केस विंचरायची आणि संध्याकाळी परत जायची. शाळेला सुट्टी लागली की डोंगर. वहिनी कधी काही बोलल्या नाहीत. मिठाची गुळणी धरून बसल्या.

आता मात्र नणंद वहिनींकडून चालण्याचा सराव करून घ्यायला दर रविवारी सकाळी यायला लागली. आई होती तेव्हा महिन्याला एकदा, आणि आता दर रविवारी. वहिनींनी ते मनात नोंदवून ठेवलं.

पहिल्या दिवशी कालव्याच्या कडेने चालायला सुरुवात केली, आणि पूल यायच्या आतच वहिनींच्या छातीचा भाता झाला. जी बाई एका मोठ्या माणसाला एकटीने कुशीवर वळवायची, तिला सपाट रस्ता जाईना! मागून काठी टेकत एक आजोबा आले, पुढे गेले आणि वळून म्हणाले, "काय, हवा गेली वाटतं?"

"तुमच्यात ताकद आहे, दम नाही," नणंद म्हणाली. "ताकद असली की दम येतो. उलटं असतं तर अवघड होतं."

त्या वाक्यात कौतुक होतं की नाही ते वहिनींना कळलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या पुलापर्यंत गेल्या. मग पुलाच्या पलीकडे. आठवड्यात दुकान सुटल्यावर एकट्याच जायला लागल्या. घरी लिफ्ट सोडून जिना धरला. नवीन बूट पायात बसावेत म्हणून ते घालूनच मशीनवर बसल्या, तेव्हा मालक म्हणाला, "वहिनी, पडदा शिवताय की सर करताय?" सगळं दुकान हसलं. वहिनीही हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या.

खरी अडचण पाठीवर सामान घेतल्यावर आली. पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून त्या चालायच्या आणि थोड्याच वेळात डावा खांदा जळायला लागायचा, पिशवी एका बाजूला घसरायची. पट्टे ओढून झाले, पिशवी बदलून झाली. शेवटी नणंद त्यांना ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. त्या बाईने वहिनींना भिंतीसमोर उभं केलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वर्षानुवर्षं काही जड उचलत होता का? एकाच बाजूने?"

पलंग भिंतीला लागून होता. उचलायचं, वळवायचं, ओढायचं ते सगळं एकाच बाजूने. पडद्याचा काठ बोटभर जरी चुकला तरी लांबून ओळखणाऱ्या वहिनींना आपण स्वतः डावीकडे कललो आहोत हे कधी दिसलं नव्हतं.

"सासूबाई आजारी होत्या," त्या एवढंच म्हणाल्या.

नणंद खिडकीबाहेर बघत राहिली.

व्यायाम साधे होते, पण चिकाटीचे. दाराच्या चौकटीला धरून एक पाय बाजूला उचलायचा. पाण्याची बादली उजव्याच हाताने न्यायची. पोटावर झोपून छाती उचलायची आणि तशीच धरून ठेवायची. वहिनी ते करत, आणि करताना कधी कधी रडू येई. दुखत होतं म्हणून नव्हे. शरीर सरळ होत होतं, आणि सरळ होताना जणू सासूबाईंचा उरलासुरला भार अंगातून निघून जात होता. तो जावासाही वाटे आणि जाऊ नये असंही वाटे. हे कुणाला सांगावं?

थंडी सरत आली तेव्हा दोघी सरावासाठी गावामागच्या टेकडीवर गेल्या. नणंद पुढे, वहिनी मागे. अर्ध्या चढावर नणंद वळून म्हणाली, "परत वाकताय, वहिनी. किती वेळा सांगितलं, डावीकडे कलायचं नाही!"

वहिनी थांबल्या. "मी हौसेने वाकडी झाले नाही, वन्सं."

"मी तसं नाही म्हणाले..."

"तुमची आई होती ती. तुम्ही यायचात, केस विंचरायचात आणि जायचात. एकदा तरी म्हणालात, वहिनी, आजची रात्र मी थांबते?"

इतक्या वर्षांची गुळणी अशी एका दमात बाहेर पडली. नणंदेने पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि तिथल्याच एका दगडावर बसली.

"मला भीती वाटायची," ती म्हणाली. "तिच्या अंगाला हात लावायची. ती मला ओळखायची नाही हो. तुमचा आवाज आला की मान वळवायची. मी लेक असून परकी. केस तेवढे तसेच होते, म्हणून केसांना हात लावायचे."

माफ केलं म्हणावं, तर ते खोटं झालं असतं. दोघी तिथूनच खाली उतरल्या.

त्यानंतर नणंद आली नाही. नवरा म्हणाला, "आता राहू दे की हे सगळं." वहिनींनी बूट घातले. रविवारी एकट्या टेकडीवर गेल्या, पुढच्या रविवारी परत गेल्या. आता हे नणंदेसाठी नव्हतं, नवऱ्याला दाखवण्यासाठीही नव्हतं. चढावर श्वास एका लयीला लागला की डोक्यातली कुरकुर थांबायची, आणि त्या शांततेची त्यांना चटक लागली होती.

वसंत लागता लागता नणंदेचा फोन आला. "तिकिटं काढू का?"

"काढा," वहिनी म्हणाल्या.

दोघींपैकी कुणीच टेकडीचा विषय काढला नाही.

बरोबर एक वाटाड्या आणि काही तरुण मंडळी होती. डोंगरातले पहिले दोन दिवस ठीक गेले. दुसऱ्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत पोचताना नणंदेचा पाय घसरून गुडघा मुरगळला आणि सकाळपर्यंत नारळाएवढा सुजला. वाटाड्याने तो दाबून पाहिला आणि मान हलवली. बाकीच्यांनी खिंडीपर्यंत जाऊन परत इथेच यायचं, तोवर खोलीची राखणदारीण नणंदेजवळ राहील, असं त्याने सुचवलं. बाकीची मंडळी पिशव्या बांधायला लागली.

वहिनींनी मात्र बूट काढले. ओल्या फडक्याची घडी करून गुडघ्यावर ठेवली, पायाखाली उशी सरकवली. हात आपोआप चालले.

"काय करताय?" नणंदेने विचारलं.

"दिसत नाही का? मी थांबते."

"तुम्ही थांबलात तर जन्मभर मला तेच ऐकून घ्यावं लागेल!" नणंद म्हणाली. मग आवाज उतरला. "जा, वहिनी. मला माझं जमेल. नाही जमलं तर या बाई आहेत. पण तुम्ही जा."

अंथरुणावरच्या माणसाला मागे ठेवून दाराबाहेर पडणं वहिनींना ठाऊक नव्हतं. त्या उंबऱ्यापाशी दोनदा वळल्या. चढ सुरू झाला तरी मन मागेच अडकलेलं होतं, पाय तेवढे पुढे जात होते. मग दगड आले, मग बर्फाचे मळके पट्टे आणि बोचरा वारा. श्वास लयीला लागला. पिशवी दोन्ही खांद्यांवर सारखी बसली होती.

खिंडीत धुकं होतं. पलीकडचं काही म्हणजे काही दिसलं नाही. तरुण मंडळी चरफडली. वहिनी एका दगडाच्या आडोशाला बसून राहिल्या. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाची वेळ चुकत नव्हती. वाटाड्याने "निघू या" म्हटलं तेव्हा त्या उठल्या.

त्या परतल्या तेव्हा नणंद बाहेर ओट्यावर पाय लांब करून बसली होती. "काय दिसलं?"

"काही नाही. नुसतं धुकं."

"मग एवढा वेळ काय केलंत?"

"बसले होते," वहिनी म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी बसल्या.

उतरायला दोन दिवस लागले, कारण नणंद काठीच्या आधाराने चालत होती. तिचं सामान वाटाड्याने घेतलं. वाट अरुंद, म्हणून ती पुढे आणि वहिनी मागे. चालता चालता तिने मध्येच, मागे न बघता सांगितलं, "आई शीळ घालायची, माहीत आहे? अशी की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायची. बाबा चिडायचे. मग ती मुद्दाम आणखी जोरात घालायची."

वहिनींनी इतकी वर्षं ते तोंड पुसलं होतं, त्यात घास भरवला होता. हे त्यांना माहीत नव्हतं.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या.

नणंद सांगत राहिली, एकेक पाऊल जपून टाकत, आणि वहिनी एकेक शब्द ऐकत मागून चालत राहिल्या.