घाऱ्या डोळ्यांतलं कडं

सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माझं टेबल तिथल्या ग्रंथालयात होतं. माझे वडील, आबा, लष्करातून सुभेदार होऊन परतलेले. मुलीनं नोकरी करावी असं त्यांना मनापासून वाटे, पण ती पंख्याखाली बसून करावी असंही वाटे. त्यामुळे ते खूश होते.

युरोपातल्या एका मोठ्या विद्यापीठाकडून दर वर्षी आमच्याकडे एक जाडजूड पुस्तक यायचं. त्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वर्षभरात जे जे संशोधन छापलं, त्याची ती नुसती यादी. आमच्याकडे यकृताच्या आजारांवर काम करणाऱ्या एक डॉक्टर होत्या. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. बाई ती यादी पेन्सिल घेऊन वाचायच्या आणि हव्या त्या ओळीवर खूण करायच्या. खुणेच्या प्रत्येक ओळीसाठी मी एक कार्ड टाइप करायची : आपल्या या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. कार्ड गेलं की दोन-तीन महिन्यांनी बोटीच्या टपालानं निबंध यायचा. फुकट. पहिल्यांदा मला ते खरंच वाटेना. ओळख ना पाळख, आणि समुद्रापलीकडचा प्रोफेसर सांगलीला पाकीट धाडतो!

त्याच दिवसांत माझ्या अक्काला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं.

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. फलटणला दिली होती. दाजी साखर कारखान्यात होते. सहा-सात महिन्यांत तिचे हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. सासू म्हणाली, कामाचा कंटाळा, नाटकं करतीया. मी शनिवारच्या एसटीनं साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेले, तेव्हा अक्का मला काहीतरी सांगत होती आणि मला ते दोनदा विचारावं लागलं.

“तांब्या धरला की हात आपसूक नाचतोया,” ती म्हणत होती.

आई चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. “समदी म्हनत्यात बाहेरचं हाय. देवरुष्याकडं दोनदा जाऊन आलो. फरक न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी अक्काची वेणी घालत होते. ऊन बाजूनं येत होतं. आमच्या घरात तिचे एकटीचेच डोळे घारे. त्या घाऱ्या बुबुळाच्या कडेनं मला एक मळकट, हिरवट-तपकिरी कडं दिसलं. अशक्तपणानं झालं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

महिनाभरानं परदेशाहून एक गठ्ठा आला. बाईंनी एकच निबंध मागितला होता. तो लिहिणाऱ्यांच्या विभागानं आपले सगळेच निबंध बांधून पाठवले होते. मी ते एकेक काढून रजिस्टरमध्ये लिहीत होते. एका निबंधात एक रंगीत चित्र होतं. माणसाचा डोळा, खूप मोठा करून छापलेला, आणि त्याच्या कडेनं तेच कडं.

माझं इंग्रजी टायपिंगपुरतं. मी कपाटातला शब्दकोश घेतला आणि पहिल्या पानाचा अर्थ लावत बसले. हात थरथरणं. बोलणं जड होणं. वयात आलेली मुलं. यकृत. तांबं. निबंध उचलून मी तडक बाईंच्या खोलीत गेले.

“हे मला का दाखवतेस?” बाईंनी विचारलं.

“बाई, असं कडं माझ्या अक्काच्या डोळ्यांत आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “नक्की बघितलंस?”

“वेणी घालताना. उन्हात.”

“तिला सोमवारी घेऊन ये.”

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत यंत्रातून अक्काचे डोळे बघितले. मग रक्त तपासलं, अख्ख्या दिवसाची लघवी जमा करून तपासणीला गेली. सगळं आल्यावर बाईंनी आईला समोर बसवलं. “आपल्या खाण्यात थोडं तांबं असतंच. तुमच्या-माझ्या शरीरातून ते बाहेर पडतं. हिच्या पडत नाही. यकृतात, मेंदूत साठत गेलंय. जन्मापासूनचा दोष आहे.”

“म्हंजी कुनी काय केल्यालं न्हाई?”

“कुणी काही केलेलं नाही. आणि याला औषध आहे.”

आई तिथेच खुर्चीत रडली. अक्कानं थरथरत्या हातानं तिचा पदर सावरला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. निबंधाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे लिहिलंय, भावंडं ठणठणीत दिसत असली तरी तपासा. तुझी तपासणी उद्या.”

मी हसलेच. मला काय होणार? मी सायकलवरून कुपवाडपर्यंत जाऊन यायची.

तपासणीचा रिपोर्ट आला. मलाही तोच आजार होता.

“तुला अजून काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या, “आणि आपण होऊही द्यायचं नाही.” त्या दिवशी त्यांनी मला एकटीला खोलीवर जाऊ दिलं नाही, स्वतःच्या डब्यातलं जेवायला लावलं.

आमच्याकडे ते औषध मिळेना. बाईंनी निबंध लिहिणाऱ्या प्रोफेसरांनाच पत्र घातलं. टाइप मीच केलं. पेशंट दोन, बहिणी. तीन आठवड्यांत विमानाच्या टपालानं उत्तर आलं आणि मागोमाग गोळ्यांचं पार्सल. घरी आईनं तांब्याचा हंडा माळ्यावर टाकला. शेंगदाण्यातही तांबं असतं, म्हणून कूटही बंद झालं. “कुटाबिगार कालवन कसं लागायचं गं!” एवढीच तिची तक्रार.

पण पहिल्या महिन्यात अक्काचं दुखणं वाढलं. तिला घासही तोंडात घालता येईना. आई म्हणाली, “बंद करा त्या गोळ्या. हाय ती तरी ऱ्हाऊ द्या.” दाजी दर रविवारी यायचे, तेही आईचंच म्हणू लागले. मी घाबरून बाईंना सांगितलं. बाईंनी पुन्हा पत्र घातलं आणि उत्तर येईपर्यंत गोळी कमी केली. उत्तर आलं : काही जणांना सुरुवातीला असं होतं, आम्हीही बघितलंय, औषध सोडू नका, थोड्यावर ठेवून हळूहळू वाढवा. आबांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा मराठीत वाचून घेतलं. मग आईला म्हणाले, “हुकूम आलाय. सोडायचं न्हाई.”

आम्ही सोडलं नाही. थंडी सरता सरता अक्काला तांब्या धरता यायला लागला. उन्हाळ्यात ती भाकरी थापायला बसली. पहिल्या भाकरीला आकार नव्हता, पण ती आम्ही चौघांनी वाटून खाल्ली. आणि एकदा मी फाटकातून आत येत होते, तेव्हा तिनं घरातून मला हाक मारली. मला ती एकदाच ऐकावी लागली.

वर्षानं दाजी तिला घेऊन फलटणला गेले. तिचं अक्षर मात्र पुन्हा वळणावर आलं नाही, आणि दमली की जीभ आजही अडखळते. मला कधीच काही झालं नाही. उपाशीपोटी गोळी घ्यायची, एवढंच.

मी प्रोफेसरांना माझ्या मोडक्या इंग्रजीत स्वतः एक पत्र लिहिलं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. आभार मानायचे तर आमच्या पेशंटांचे माना, असं त्यांनी लिहिलं होतं; त्यांनी तपासू दिलं म्हणून आम्हाला कळलं. छापील निबंधात त्या माणसांची नावं नव्हती, नुसती आद्याक्षरं होती. मी देवापुढे दिवा लावताना बरीच वर्षं ती अक्षरं म्हणायची.

परवा फलटणला अक्काकडे गेले होते. बोलता बोलता मी म्हटलं, “अक्का, तुला झालं म्हणून मी वाचले. मला कधीकधी फार वाईट वाटतं.”

“वाईट काय त्यात?” ती म्हणाली. “बरं झालं, मला आधी झालं. तुझं डोळं काळं. तुझ्या डोळ्यांत कुनाला काय दिसलं असतं?”

आणि चहा ठेवायला उठली.