पाठलाग करणारा दमला

दोस्तांनो, दोन दिवसांपासून एक काळा चष्मावाला माणूस माझ्या मागं फिरून राहिला होता. आज ड्युटी सुटल्यावर मी चाकणच्या रस्त्यानं रूमकडं निघालो, तर मागून त्यानंच आवाज दिला, "भाऊ, जरा हळू चाला ना. मले तुमचा पाठलाग जमून नाही राहिला."

बोलण्यावरून समजलं, आपल्याकडचाच आहे. अकोल्याचा खाजगी गुप्तहेर निघाला. माझी सोयरीक चालू आहे, त्या मुलीच्या बापानं माझी वागणूक पाहायले पाठवलेला.

नव्या बुटानं त्याचे पाय सोलले होते. त्याले रूमवर आणलं, पिठलं-भाकर खाऊ घातली. जेवता जेवताच त्यानं मुलीच्या बापाले फोन लावला.

"काकाजी, पोरगा निर्व्यसनी आहे. कंपनी ते रूम, रूम ते कंपनी. दुसरीकडं जायाले त्याच्यात जीवच उरत नाही."

तिकडून आवाज आला, "मंग आमचा होकार समजा."

लग्न जमलं, बरं वाटलं. पण तो गेल्यापासून विचार करून राहिलो, मी खरंच सरळ आहे, का नुसता थकलेला? तुमचं कसं आहे, सांगा.