माजघरातली सीतेची वेणी

अख्ख्या नगर जिल्ह्यात घराच्या आत, उन्हाची तिरीपसुद्धा न दाखवता, नुसत्या ट्यूबलाइटवर सीतेची वेणी कुणी फुलवली असेल तर ती मी. हे मी न विचारता सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते. कुणाला बढाई वाटली तर वाटो.

शहरातली माणसं तिला ऑर्किड म्हणतात. माझं माहेर नगरच्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, आमच्याकडे ती जांभळीच्या नाही तर आंब्याच्या फांदीवर बसलेली असते. पट्ट्यासारखी जाड पानं, हवेत लोंबणारी पांढरट मुळं, आणि उन्हाळा सरता सरता बारीक जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा हातभर तुरा. आमच्या बाया तो तसाच अंबाड्यावर माळतात. लग्न होऊन मी देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात आले, तेव्हा पहिल्या वर्षी वडिलांनी एक जुडी ओल्या पोत्यात गुंडाळून दिली. म्हणाले, "लावून बघ, पन तिकडच्या हवेत जगायची न्हाई." मला कुणी "जमायचं नाही" म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी ती मांडीवर घेऊन एसटीत बसले.

आमचे हे साखर कारखान्यात वायरमन. कॉलनीत दोन खोल्या आणि मधलं बिनखिडकीचं माजघर, एवढं घर. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पोतं उलगडलं मात्र, दोन पावलं मागंच सरल्या.

"अगं बया, हे तर बांडगूळ! आमी झाडावरचं कोयत्यानं तोडून टाकतो, अन् तू घरात आनलंस?"

बांडगूळ म्हणजे झाडाचा रस पिऊन माजतं ते. वेणी झाडावर नुसती बसते, त्याचा थेंब पीत नाही, हवेतलं पाणी पिते. हे मी शंभरदा सांगितलं. पण त्या मुलखात फांदीवर जे वाढतं ते सगळं बांडगूळच. कॉलनीभर बोभाटा झाला, वायरमनच्या बायकोनं बांडगूळ पाळलंय म्हणून. आणि माझं लग्न होऊन वर्षं लोटत होती, कूस उजवत नव्हती. मग काय, बायकांना आयतंच सापडलं. ते झाड घर शोषतंय, म्हणून पाळणा हलत नाही. काष्टीच्या मावशींनी, म्हणजे आत्याबाईंच्या थोरल्या बहिणीनं, तर उघडच काढलं, "दुसरी बघू का पोरासाठी?" आत्याबाई नाही म्हणाल्या नाहीत. हे खाली मान घालून जेवत राहिले. मला त्या मान घालण्याचा जास्त राग आला.

तेव्हापासून ती वेणी म्हणजे माझी हट्टाची गोष्ट झाली. ती मेली असती तर "बघ, म्हटलं नव्हतं?" झालं असतं, आणि तिच्या पाठोपाठ मलाही माहेरची एसटी दाखवली असती.

आणि मरायलाच टेकली ती एका दिवाळीत. मी माहेरी गेले होते. ह्यांना वाटलं, बायको येईपर्यंत तिचं झाड धष्टपुष्ट करून ठेवावं. कारखान्याच्या माणसाला खत म्हणजे एकच ठाऊक, मळी. उसाच्या रसातला तो काळा गाळ. उसाला मळी, पेरूला मळी, तुळशीला मळी. ह्यांनी ओट्यावर टांगलेली माझी वेणी काढून डब्यात घातली, काळी माती दाबली, वर घमेलंभर मळी, आणि रोज तांब्याभर पाणी. मी परत आले तर ह्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यागत फुललेला.

"बघ तर खरं, काय सोय केलीय तिची!"

मी हात घातला. मुळं कुजून काळी, बोटाला चिकटत होती. वास तर विचारू नका.

"अहो, हवेत जगणाऱ्या जीवाला तुम्ही गाडलंत की हो!" असं काय काय बोलले मी! शेजारीण भिंतीला कान लावून होती, लावू दे. रात्री जेवलेही नाही. हे बिचारे डबा हातात घेऊन नुसते उभे.

कुजलेलं सगळं कापलं. हाताच्या पंजाएवढी उरली. जांभळीच्या ओंडक्याला काथ्यानं बांधली. पण ठेवायची कुठं? ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. बाहेर दिवाळीनंतरसुद्धा पानं पापडासारखी वाळवणारा वारा, आणि आतलं माजघर अंधारं.

तेव्हा हेच खाली बघत बोलले. "पंपहाऊसच्या तळघरात ऊन जन्मात पोचत न्हाई. पन तिथं दिवसरात ट्यूब जळती, अन् तिच्याखाली भिंतीच्या फटीत पिंपळ उगवलाय. हिरवागार हाय."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. पगार झाल्यावर त्यांनी बाजारातून दोन ट्यूब विकत आणल्या, चोक, स्टार्टर, सगळं. माजघराच्या आढ्याला दोऱ्या बांधून ट्यूबची पट्टी इतकी खाली सोडली की ट्यूब आणि पानं यांच्यात वीतभर अंतर. वर खाली करायला गाठी. बटण दाबलं, ट्यूब दोनदा लुकलुकली आणि माजघर पांढरं झालं. सकाळी पाणी भरताना लावायची, दिवेलागणीनंतर विझवायची. झाडालाही झोप लागते.

पाण्याची मात्र मारामार. टँकर येईल तेव्हा खरा, घागरीसाठी बायकांची भांडणं. मी माझ्या वाट्याच्या पाण्यातलं फुलपात्रभर बाजूला काढायची. डासांचं औषध मारायचा पंप असतो ना, तसला कोरा आणला होता. त्यानं सकाळी मुळांवर धुकं मारायचं, बस. माठ आणि रांजण त्याच खोलीत, म्हणून हवेत ओल राही. बायका मुद्दाम डोकवायला यायच्या. "आजाऱ्याला दवाखान्यात ठेवल्यागत ठेवलंय की गं!" मी म्हणायची, "हो, आणि आजारी बरा होणार आहे."

एक मात्र झालं, जे मी योजलं नव्हतं. आत्याबाईंची नजर कमी झाली होती. अंगणात वारा, चुलीपाशी धूर. त्या सूप घेऊन माजघरात ट्यूबखाली ज्वारी निवडायला बसू लागल्या. आधी झाडाकडं पाठ करून. मग तिरप्या. मग समोर. एकदा मी बाहेरून आले तर पंप त्यांच्या हातात. मला बघून म्हणाल्या, "माशी बसली हुती." ट्यूबच्या पट्टीखाली माशी!

थंडी सरली तशी मुळांची टोकं हिरवी झाली. नवं पान आलं. उन्हाळ्यात एक दिवस आत्याबाईंनी हाक मारली, "ए पोरी, इकडं ये. ह्येला कोंब फुटलाय. मूळ न्हाई हे." मला मूळच वाटलं होतं. पण तो पानाच्या बगलेतून निघून खाली झुकला आणि त्यावर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. मी तिथंच फतकल मारून रडले. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

तुरा पुरता उमलला आणि नेमक्या त्याच आठवड्यात काष्टीच्या मावशी आल्या. सोबत एक फेटेवाले पाहुणे. घर बघायला आलेत म्हणाल्या. मी काय ते समजले. पाहुण्यांना लेक होती. हे कारखान्यात पाळीवर होते. मी चुलीपाशी जाऊन चहा टाकला.

आत्याबाईंनी पाहुण्यांना ओट्यावर नाही बसवलं. सरळ माजघरात नेलं आणि ट्यूब लावली.

"कागदाचं हाय का हे?" पाहुणे म्हणाले.

"खरं हाय. हात लावू नका. दुष्काळात माझ्या सुनंनं फुलवलंय, सोताच्या पान्यातून. हिच्या बापाला जमलं नसतं इथल्या हवेत."

मावशी फणकारल्या, "बांडगुळाला फुलं आली, पन कुशीचं काय?"

मग आत्याबाईंचा आवाज आला, पूर्वी मळ्यात माणसांना हाका मारायच्या तसला खणखणीत.

"आक्का, फूल बघायला आली असशील तर बस, च्या घे. सून बघायला आली असशील, तर ती चुलीपाशी हाय. या घरात एकच हाय, अन् एकच ऱ्हानार."

चहा उतू गेला. मी तसाच जाऊ दिला.

मूल मला पुढंही झालं नाही. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर त्या घरातून मला ऊठ म्हणायची कुणाची टाप झाली नाही.