आमच्या साडूंचे भूकंप

जगात आजवर जेवढे भूकंप झाले, त्यांतले निम्मे आमच्या साडूंना विचारून झाले असावेत आणि उरलेले निम्मे झाल्याबरोबर त्यांना कळवायला आले असावेत, अशी माझी पक्की समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रत्नागिरीत आमची घरं शेजारीशेजारी आहेत, मध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा. ते जन्मभर बोटीवर कूक होते आणि मी जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात. म्हणजे चौतीस वर्षं मी लोकांना पटवत आलो की बाबांनो, तुमची जमीन कालच्या जागीच आहे, हद्दीचा दगड हलला असेल तर तो तुमच्यापैकीच कोणीतरी हलवलाय. आणि गडग्यापलीकडचा हा माणूस सुट्टीवर आला की एका बैठकीत सगळी पृथ्वी गदागदा हलवून दाखवायचा. त्यांच्या ओटीवर अख्खी आळी जमायची. माझ्या ओटीवर नकाशा घेऊन भांडणारे दोन भाऊ तेवढे यायचे. मला साडूंचा हेवा वाटायचा, हे मी सरळच सांगून टाकतो. घरात ते सगळ्यांना माहीतच आहे.

कूक असल्यामुळे कुठल्याही भूकंपाची, ज्वालामुखीची हकीकत ते चुलीपासून सुरू करायचे. पॉम्पेई म्हटलं की आपल्याला राखेखाली गाडलं गेलेलं शहर आठवतं, त्यांना आठवायचे भट्टीतले पाव. "कापायच्या खुणांसकट पाव हो! त्यानं आत सरकवले, नि बाहेर काढायला तो राहिलाच नाय," असं म्हणताना त्यांचा आवाज इतका उतरायचा की तो बेकरीवाला मिरकरवाड्याच्या नाक्यावरचाच कोणी असावा. मग लिस्बन यायचं. सणाची सकाळ, प्रार्थनाघरांत मेणबत्त्या, जमीन हलली, मागून समुद्र आला आणि त्यातून जे वाचलं ते आगीनं नेलं. मग टोकियो. ऐन दुपारच्या जेवणाची वेळ, घराघरांत पेटलेल्या शेगड्या, लाकडाची घरं. शेवटी तांबोरा. डोंगर फुटला इंडोनेशियात, आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, तिथल्या गरिबाच्या ताटातली भाकरी गेली. "धरणी हलते ती घटकाभर. माणूस मरतो तो चुलीपायी, नायतर चुलीवाचून," हा त्यांचा सिद्धांत. हे ऐकताना बायकांच्या डोळ्यांना पदर लागायचे, आणि आमची ही दर वेळी माझ्याकडे वळून बघायची, जणू टोकियोतल्या शेगड्या मीच पेटत्या ठेवून आलो होतो.

या सिद्धांतातूनच त्यांच्या घरातला एकमेव कायदा निघाला होता. काहीही हललं की आधी गॅस बंद. चिरे भरलेला ट्रक रस्त्यावरून गेला, खिडकीची तावदानं वाजली, की ओटीवरून हुकूम सुटायचा, "गॅस बंद करा!" थोरल्या ताईंच्या तव्यावरची भाकरी निम्मी फुगून तशीच बसायची. एका गणपतीत मोदक उकडायला लावले आणि शेजारच्या प्लॉटवर नेमका बांधकामाचा माल यायला लागला. ट्रकमागून ट्रक. नैवेद्याला तीन वाजले. मी भुकेनं कासावीस होऊन हिच्याकडे तक्रार केली, तर ही म्हणते, "काळजी असते हो त्यांना. तुम्हाला कधी सुचलंय उठून गॅस बंद करायचं?" खरंच सुचलं नव्हतं. पण म्हणून दुपारी तीनला जेवायचं?

त्यांची बोट जपानला जायची, चिलीला जायची, इटलीला जायची. माझी बदली व्हायची ती मंडणगडला. प्रत्येक फेरीतून ते ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा, पाण्यावर तरंगणारा दगड आणायचे. एक ताईंना, एक मेहुणीला. आमच्या मोरीत असे चार दगड आहेत. माझ्या बायकोच्या टाचा चार देशांच्या लाव्ह्यानं घासल्या जातात, आणि मी मंडणगडच्या बाजारातून हौसेनं आणलेली वजरी तिथंच एका कोपऱ्यात कोरडी पडून असते. "तुमची टोचते," असं तिचं म्हणणं.

त्यात माझं खरं दुखणं असं, की मला आयुष्यात एकही भूकंप जाणवलेला नाही. कोयनेच्या वेळी मी पाच वर्षांचा होतो. भावंडं अजून सांगतात की भिंतीवरच्या तसबिरी पडल्या आणि मी कूस बदलली. किल्लारीच्या वेळी पहाटे अख्खी आळी अंगणात उभी होती. आमची ही मांडीएवढी पोर कडेवर घेऊन धावत बाहेर गेली आणि मला उठवायला विसरली. आठवड्यानं साडूंचा कुठल्याशा बंदरातून फोन आला, "तुम्हाला जाणवला काय वो, साडूभाऊ?" प्रत्येकानं फोन हातात घेऊन काही ना काही सांगितलं. मी सांगितलं, इकडे पाऊस बरा आहे.

निवृत्त झाल्यावर तर त्यांना ऊतच आला. जगात कुठंही धरणी हलली की बातमी ऐकून ते परसातल्या महापुरुषापुढे, म्हणजे जागेच्या राखणदार देवापुढे, नारळ ठेवायचे आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा महापुरुषा! आज तिकडं चिलीत जी काय धरणी हालली असंल, लेकरंबाळं उघड्यावर आली असतील, त्यांच्या डोकीवर हात ठेव. त्यांच्या चुली परत पेटंव रे महाराजा!" जमलेल्या बायका, पोरं, मासळीवाली, सगळी एका सुरात म्हणायची, "होय महाराजा!" मी गडग्याच्या अलीकडे हाताची घडी घालून उभा. एकदा न राहवून मी म्हटलं, "साडूभाऊ, या देवाची हद्द वहाळाच्या पाण्यापर्यंत. चिली त्याच्याकडे कशी येईल?" त्यांनी शांतपणे नारळ उचलला. "हद्द वरून असते वो. खालून सगळी जमीन एकच." यावर सगळ्या जणी हसल्या. माझी बायको सगळ्यांत आधी. मी त्या दिवशी ठरवून टाकलं, या माणसाच्या गाऱ्हाण्याला आपण जन्मात 'होय महाराजा' म्हणायचं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझी लेक त्यांच्या ओटीवर वाढली. मी तिला मोजणीचे शंकू, साखळी, नकाशावाचन शिकवायला बसलो की तिला झोप यायची आणि गडग्यापलीकडे "डोंगर फुटला" असं ऐकू आलं की ती टुणकन उडी मारून पसार. तिनं भूगर्भशास्त्र घेतलं. आता ती परदेशात एका जागत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी नोकरी करते. पहिला पगार झाला तो फोन तिच्या या काकांना. लग्न ठरवलं तो फोन काकांना, मग त्यांच्या ओटीवरून ताईंची हाक, "अहो, ऐकलंत का?" एका सुट्टीत ती सड्याच्या पठारावर उभी राहून म्हणाली, "आपला सगळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याचाच पुढे जांभा दगड झाला." चौतीस वर्षं तो सडा मी वीत वीत मोजला. कोणी मला हे सांगितलं नव्हतं. आणि ती सांगत होती तेसुद्धा काकांना. मी मागे पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गेली दोन वर्षं साडूंचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर त्याला कंपवात म्हणतात. गोळ्या चालू आहेत, थरथर वाढते आहे. आळीत कोणी त्यावर हसत नाही. साडूंनीही "गॅस बंद करा" म्हणायचं सोडलं. बशीत कप वाजला की ते आधी आपल्या हाताकडे बघतात आणि कप खाली ठेवतात. ट्रक येतात आणि जातात, पलीकडे भाकऱ्या टम्म फुगतात. दुपारी बारालाच जेवणं होतात आता त्यांच्याकडे.

गेल्या महिन्यात दोघी बहिणी एका लग्नाला गेल्या होत्या आणि साडूंना सोबत म्हणून मी पलीकडे जाऊन बसलो होतो. चहाचा पहिला कप झाला होता, दुसरा आत गॅसवर उकळत होता. एकाएकी त्यांच्या हातातला कप बशीवर जोरात वाजायला लागला. त्यांनी डावा हात त्यावर दाबून धरला. तरी वाजतच राहिला. ते खाली जमिनीकडे बघत राहिले, आणि मग ज्या माणसानं जन्मभर नुसतं सांगितलं, त्यानं मला विचारलं, "साडूभाऊ, जमीन हलली का वो? का माझाच हात?"

खरं सांगतो, तीस वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो. जमिनीबद्दल या माणसानं मला विचारावं. मी लादीवर तळवा टेकला. जमीन कालच्या जागीच होती. चौतीस वर्षांत मी जमिनीबद्दल एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. मी उठलो, आत गेलो, आणि गॅस बंद करून आलो.

"बंद केला," मी म्हटलं.

"म्हणजे आला!" साडूंचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हाला जाणवला?"

"जाणवला तर."

"तुम्हाला! अहो, मग मोठाच असणार! पोरीला फोन लावा. माझ्या बोटांना ते बटण गावत नाय."

मी त्यांच्या फोनवरून लावला; कप कसा वाजला आणि मलासुद्धा कसा जाणवला, ते साडूंनी तिला सांगितलं. लेकीनं तिकडे संगणकावर बघितलं. मग म्हणाली, "हो काका, दिसतोय. लहान आहे, पण दिसतोय." साडू तृप्त होऊन नारळ शोधायला उठले. मी आमच्या घरात येतो न येतो तोच माझा फोन वाजला. तिचाच.

"बाबा, इथं काहीच नोंद नाही."

"नसणारच."

"काकांचा हात इतका वाढलाय?"

"हो गं."

ती रडत होती. त्यांना न सांगता तिनं मला फोन करावा, ही माझी किती वर्षांची इच्छा. आमच्या दोघांतच राहील अशी एक गोष्ट असावी, ज्यात काका नाहीत. ती मिळाली, आणि मला ती परत करावीशी वाटली. "बरं केलंत बाबा," ती म्हणाली. मी म्हटलं, इकडे सगळं ठीक आहे.

बाहेर साडू महापुरुषापुढे एकटेच उभे होते. साथ द्यायला ना बायका, ना पोरं. हातात नारळ होता आणि तो काही केल्या एका जागी राहत नव्हता. त्यांनी गडग्याकडे बघितलं नाही. मी काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक झालेलं होतं.

"बा देवा महापुरुषा," त्यांनी सुरुवात केली, "आज तुझ्याच हद्दीत धरणी हालली..."

मी गडगा ओलांडून गेलो आणि त्यांच्या हाताखाली माझे दोन्ही हात धरले. नारळ वाचला. त्यांच्या हाताची थरथर माझ्या मनगटांतून कोपरांपर्यंत, तिथून खांद्यांपर्यंत चढत आली. कोयना, किल्लारी सगळं झोपून काढलेल्या मला ती चांगली जाणवली.

"...कोणाच्या कौलाला धक्का लागू देऊ नको. ज्याची त्याची चूल थाऱ्यावर ठेव रे महाराजा!"

"होय महाराजा," मी म्हटलं.